अगसनकेरीची चुन्याची रेघ

"मी नगररचना खात्यात होते" असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे रस्ते करता तुम्ही?" रस्ते नाही. "मग गटारं?" तीही नाही. मग त्याचा चेहरा पडतो आणि तो म्हणतो, "मग नक्की करता काय हो?" नोकरीभर या प्रश्नानं माझा पिच्छा पुरवला. माझ्या सख्ख्या नणंदेला अजून वाटतं, मी कोप्पीकर रोडवरच्या दुकानांच्या पाट्या मोजायला जात होते.

तर एकदाच सांगून टाकते. गावाचा एक मोठा नकाशा असतो आणि त्यात प्रत्येक जागेला एक रंग असतो. राहत्या घरांना पिवळा, कारखान्यांना जांभळा, बागांना हिरवा. ज्या जागेला जो रंग, तिथं तेवढंच करायचं. बेलूरकडं जांभळा आहे म्हणून तिथं कारखान्याचा धूर चालतो. तुमच्या गल्लीत पिवळा आहे म्हणून शेजारी लोखंड कापायचं मशीन घालायला लागला, तर तुम्ही आमच्याकडं भांडायला येऊ शकता. हे रंग ठरवायचे, काही वर्षांनी पुन्हा तपासायचे आणि त्यांचे नियम लिहायचे, एवढंच आमचं काम. सोपं वाटतं ना? एकदा एक गृहस्थ हातात डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. खरोखरचा डबा, ऑइलपेंटचा. म्हणाले, "मॅडम, माझ्या प्लॉटवर तुम्ही हिरवा मारलाय. पिवळा मी घेऊन आलोय, ब्रशही आणलाय. तुम्ही फक्त बरं म्हणा." मी त्यांना चहा पाजला आणि डबा परत दिला. ते गेल्यावर आमचा शिपाई हळहळला. त्याच्या घरची खिडकी रंगवायची राहिली होती.

पण सगळ्या रंगांत भांडकुदळ रंग म्हणजे पाण्याचा निळा. बाकीचे रंग दिलेल्या जागी गुमान बसतात. पाणी बसत नाही. आमच्या धारवाडकडची तळी, म्हणजे केऱ्या, उन्हाळ्यात आटून मधोमध डबक्याएवढ्या होतात आणि भरल्या पावसाळ्यात चांगल्या ऐसपैस पसरतात. आता नियम असा, की तळ्याच्या काठापासून अमुक अंतरात बांधकाम करायचं नाही. नियम चांगला आहे. पण काठ म्हणजे कुठला काठ? मे महिन्यातला, की भाद्रपदातला? या एका प्रश्नावर माझी नोकरीची शेवटची दोनेक वर्षं गेली, आणि सांगायला हरकत नाही, तीच सगळ्यात मजेची गेली.

अगसनकेरी हे गावाच्या कडेचं तळं. अगसर म्हणजे परीट. त्यांच्या धुण्याचे दगड अजून काठावर आहेत. त्या काठाला शांतक्काची खानावळ. दगडी जोत्यावरचं बसकं घर, पुढं एक दार, बरोबर समोरासमोर मागं एक दार, मध्ये लाकडी बाकं. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी. हे घर तिच्या सासूच्या सासूपासूनचं. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं ते चालवलं, दोन पोरी शिकवून सासरी पाठवल्या. जवळच्या वर्कशॉपमधले कामगार, परीटमंडळी आणि माझ्यासारखे साइटवर हिंडणारे सरकारी लोक, सगळे तिथं एका बाकावर जेवायचे.

एका सकाळी शांतक्का ऑफिसात येऊन माझ्यासमोर उभी राहिली. एका हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, दुसऱ्या हातात नोटीस. आमच्याकडं चष्मा आणि छत्री असलेल्या बाईला अक्कोर म्हणतात, म्हणजे मास्तरीणबाई. मी कधी शाळेत शिकवलं नाही, पण तिच्यासाठी मी अक्कोरच.

"अक्कोर, यात काय लिहिलंय? नातू वाचतो आणि मध्येच थांबतो."

मी वाचलं. बांधकाम तळ्याच्या राखीव पट्ट्यात, सबब अनधिकृत, सबब पाडण्यात का येऊ नये. मी तिला कन्नडमध्ये जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. तरी तिचा चेहरा उतरलाच.

"पाडणार?" ती म्हणाली. "मग मी भाकरी कुठं भाजू री?"

 भाकरी ठेवून ती गेली. आणि त्याच दिवशी, बघा कसं असतं, दुसरी फाइल टेबलावर आली. बाबूशेटची.

बाबूशेट म्हणजे दाजीबानपेठेतले कापडाचे मोठे व्यापारी. पणजोबा मिरजेकडून गाठोडं घेऊन आले, आता तीन मजली दुकान. बोलायला गोड, हट्टाला पक्के. त्यांना अगसनकेरीच्या काठी मंगल कार्यालय बांधायचं होतं आणि त्यात पहिलं लग्न स्वतःच्या लेकीचं, अश्विनीचं करायचं होतं. नकाशाप्रमाणं त्यांची जागा राखीव पट्ट्याच्या जेमतेम बाहेर होती. म्हणजे नियमात बसत होती. शांतक्काचं घर पट्ट्याच्या आत, म्हणजे पाडायचं. आमचे साहेब म्हणाले, "दोन्ही फाइली स्वच्छ आहेत. एक हो, एक नाही. करून टाका."

साहेब वाईट नव्हते. त्यांना स्वच्छ फाइल आवडायची, एवढंच.

मी दुपारी जेवायला शांतक्काकडं गेले. ताट तसंच होतं. समोरच्या भिंतीकडं बघत बसले होते, तर भिंतीवर गुडघ्याच्या थोडं खाली एक आडवा डाग दिसला. सरळ, सगळ्या खोलीभर फिरलेला. इतकी वर्षं मी तिथं जेवले आणि कधी नजर गेली नव्हती.

"शांतक्का, हे काय?"

"ते होय? केरी कोडी पडली होती ना, तेव्हाचं. मी चुना मारते, परत वर येतं."

कोडी म्हणजे तळ्याचा सांडवा. तळं काठोकाठ भरलं की जास्तीचं पाणी त्या दगडी उंबऱ्यावरून बाहेर पडतं, त्याला आमच्याकडं कोडी पडली म्हणतात. त्या दिवशी गावातल्या बाया तळ्याला बागिना देतात. आपल्या वाणासारखंच ते. सुपात बांगड्या, हळदकुंकू, नारळ, खण, वर दुसरं सूप झाकायचं आणि पाण्यात सोडायचं. गंगव्वा, म्हणजे पाण्याची देवी, भरून आली, तिची ओटी भरायची.

मी भिंतीच्या डागाकडं बघितलं, दारातून बाहेर बघितलं. पाणी पार लांब चकाकत होतं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या खात्यातली मोजणी नेहमी उन्हाळ्यात होते. त्याला कारणही आहे, पावसाळ्यात काळ्या मातीत बूट रुततात, दुर्बिणीची तिकटी उभी राहत नाही. म्हणजे नकाशावरचा तो सुंदर निळा ठिपका हा वैशाखातल्या तळ्याचा होता! भरल्या तळ्याचा काठ शांतक्काच्या घरातून जात होता आणि बाबूशेटची जागा सखल, तिचा अर्धा भाग चक्क पाण्यात होता.

मला इतका आनंद झाला की मी एक भाकरी जास्त खाल्ली. तो आनंद ऑफिसात पोचेपर्यंतच टिकला. कारण बसमध्ये बसल्यावर पुढचं लक्षात आलं. खरा काठ धरला तर बाबूशेटचं कार्यालय अडतं, हे ठीक. पण शांतक्का? ती आधी नुसती पट्ट्यात होती, आता थेट तळ्यातच गेली. खरं सांगायला जावं तर तिचं घर आधी पडणार. 

तरी खोटा काठ ठेवणं मला जमणार नव्हतं. मी साहेबांच्या मागं लागून फेरमोजणी काढली. आमचा सर्व्हेयर इराप्पा, अंगानं उंच आणि तोंडानं फटकळ. आम्ही कोडीच्या दगडाची उंची घेतली आणि तीच उंची धरून तळ्याभोवती चुन्याची रेघ मारत निघालो. भरलं तळं जिथवर येईल तिथवर रेघ. सगळं गाव मागं. रेघ एका अंगणातून गेली, तिथं स्कूटर उभी होती. मालक म्हणाला, "म्हणजे माझं पुढचं चाक तळ्यात आणि मागचं गावात?" इराप्पा म्हणाला, "हौद्री, तसंच. पार्किंग बदला." एका म्हशीनं ओला चुना चाटला, तिला हाकलताना इराप्पाच रेघेवर बसला आणि उठला तेव्हा तळ्याचा काठ त्याच्या पॅंटला होता. मी हसून हसून बांधावरच बसले.

शेवटी रेघ बाबूशेटच्या जागेत शिरली. तिथं भूमिपूजनाचा मांडव पडला होता, आंब्याची पानं बांधलेली. रेघ बरोब्बर मधून गेली. बाबूशेट धावत आले.

"मॅडम! माझ्या मांडवात हे काय काढलंत?"

"तळ्याचा काठ, शेटजी."

"अहो, तळं तिकडं आहे!" त्यांनी लांब बोट दाखवलं.

"ते आत्ता. भाद्रपदात इकडं."

"माझ्या पोरीचं लग्न मार्गशीर्षात आहे!"

हा मुद्दा बिनतोड होता. मी छत्री मिटली आणि म्हटलं, सुनावणीत या.

सुनावणी हा आमच्या धंद्यातला मोठा सोहळा. नियमांचा मसुदा लोकांपुढं ठेवायचा, ज्याची हरकत असेल त्यानं येऊन बोलायचं. हॉलमध्ये पंखे गरगरतात, चहा येतो, चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीभजी येतात, आणि भजी आली की हरकती जरा कमी होतात. माझी अडचण वेगळीच होती. मनातून मला शांतक्काची खानावळ वाचवायची होती. पण नियमात माणसाचं नाव लिहिता येत नाही. "शांतक्का सोडून बाकी सगळ्यांना बंदी" असं लिहिलं तर कोर्ट दुसऱ्या दिवशी फाडून हातात देईल, आणि बरोबरच आहे. जुनी बांधकामं सोडा असं लिहावं, तर उद्या काठावरचा प्रत्येक जण आपलं घर पांडवकालीन आहे म्हणून शपथ घेईल. शांतक्काच्या घरात आणि बाबूशेटच्या कार्यालयात असा फरक कोणता, जो कायद्यालाही दिसेल? मला तो सापडत नव्हता. मसुद्यात मी दोन कलमं घातली होती. भराव घालायचा नाही, पाण्याला आडवी भिंत घालायची नाही. आणि तिसरं एक, तेही साहेबांनी टोकलं म्हणून. पाणी आत आलं तर तक्रार करणार नाही, भरपाई मागणार नाही, पाणी अडवणार नाही, असं प्रत्येक काठवाल्यानं लिहून द्यायचं. साहेबांना पुढची कोर्टकचेरी नको होती.

शांतक्का बोलायला उभी राहिली. साहेबांनी विचारलं, "बाई, तुमच्या घरात पाणी येतं. तुम्ही तळ्यातच राहता म्हणजे. उद्या पाणी आलं की तुम्हीच आमच्या नावानं बोंब मारणार."

"कशाला बोंब मारू री?"

"घरात पाणी शिरलं तर तक्रार नाही करणार? लिहून द्याल?"

शांतक्का गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मग साहेबांना म्हणाली, "गंगव्वा माहेरी येते ती. पुढच्या दारानं येते, मागच्या दारानं जाते. चूल ओट्यावर आहे. लेक घरी आली म्हणून कुणी तक्रार करतं काय?"

हॉलमध्ये एकदम हशा पिकला, पण चांगला हशा. साहेबही हसले. ती मात्र हसली नाही, कारण तिनं विनोद केलाच नव्हता.

मग साहेबांनी बाबूशेटकडं वळून, खरं तर गमतीनंच, विचारलं, "काय शेटजी, तुम्ही देता लिहून?"

"मी?" बाबूशेट ताडकन उठले. "अहो साहेब, ऐन जेवणावळीत पाणी आलं तर व्याही काय पोहत येणार? मी भराव घालणार, वर आवार बांधणार, एक थेंब आत घेणार नाही!"

बोलून झालं आणि त्यांचं त्यांनाच कळलं. मला फरक सापडला होता. किंबहुना भर हॉलमध्ये बाबूशेटनी तो ओरडून सांगितला होता. मी मुद्दा उचलला. म्हटलं, "साहेब, अंतर मोजून दोघांनाही बाहेर काढायचं कशाला? जे आज काठावर आहेत, जे पाण्याला येऊ-जाऊ देतात आणि तसं लिहून देतात, ते आहेत तसे राहू देत, एक वीटही वाढवायची नाही. ज्यांना पाणी अडवायचं आहे, त्यांनी रेघेच्या मागं जायचं. धुण्याचे घाट, रोपवाटिका, खानावळ, सगळं यात बसतं."

साहेबांनी लगेच मान हलवली असं नाही. ते आठवडाभर गुरगुरत होते, वरून दोनदा मसुदा परत आला, मी तीनदा भांडले आणि एकदा रडलेही. पण शेवटी कलम राहिलं.

बाबूशेट मात्र माझ्यावर रुसले. ऑफिसात येऊन बसले, चहा नको म्हणाले, म्हणजे राग केवढा असेल बघा. "मॅडम, माझ्या जागेचा पुढचा तुकडा वाया गेला. त्यात वर्षानुवर्षं पाणी येत नाही. कधीतरी येणाऱ्या पाण्यासाठी मी जागा मोकळी ठेवू?"

मी विचारलं, "अश्विनीचं लग्न झालं की तिच्या खोलीचं काय करणार?"

"काय करणार म्हणजे?"

"ती तर सासरी जाणार. दिवाळीला चार दिवस येईल. खोली भाड्यानं देऊन टाका की."

 बाबूशेटचे डोळे पाणावले. लेकीचं लग्न जवळ आलेल्या बापाला असं बोलायला नको होतं खरं, पण मी भांडखोर आहे आणि मला दुसरं सुचलं नाही. ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "कार्यालय मागं घेतो. पण तुम्ही लग्नाला यायचं, आणि पंगतीत मठ्ठा तुम्ही वाढायचा. ही शिक्षा." मी जाऊन वाढला.

सगळंच असं गोड झालं नाही. मी ज्यांच्यासाठी वेळेत रेघ मारू शकले नाही, अशी तळी आहेत. एका ठिकाणी आता कॉलनी आहे. नावात तेवढी केरी राहिली आहे. तिथून बस जाते तेव्हा मी खिडकीतून बघते आणि मनातल्या मनात चरफडते. निवृत्तीनंतरही ही खोड गेलेली नाही.

अगसनकेरीचं कलम लिहिलं गेलं आणि नेमकं त्यानंतर पाऊस कमीच होत गेला. तळं अर्धंच भरायचं. लोक मला टोमणे मारायचे, "काय मॅडम, तुमचं तळं कुठं अडकलं?" चुन्याची रेघ केव्हाच धुऊन गेली. मी हसून घालवत होते, पण एक भीती मनातून जात नव्हती. मी ज्या घराला पाण्यात उभं राहायची परवानगी मिळवून दिली, ते मातीचं जुनं घर खरंच उभं राहील का? डाग जुना होता, भिंत त्याहून जुनी. उद्या पाणी आलं आणि ती भिंत बसली तर शांतक्का तक्रार करणार नव्हती. तेच मला जास्त खायचं.

यंदा श्रावण सगळा भरून आला. भाद्रपदात एका दुपारी फोन वाजला आणि पलीकडून शांतक्का ओरडली, "अक्कोर, कोडी बित्रीऽ! कोडी पडली! या जेवायला!" मी सुपं, खण, नारळ घेतला आणि रिक्षा केली. 

तळ्यावर बायांची जत्रा लोटली होती. बाबूशेटच्या कार्यालयासमोरच्या मोकळ्या जागेत पाणी येऊन थांबलं होतं, पायऱ्यांना टेकून. इराप्पा तिथं असता तर नाचला असता, रेघ जिथं होती तिथंच! बाबूशेट पॅंट दुमडून पाण्यात उभे होते आणि आल्यागेल्याला सांगत होते, "ही जागा आम्ही सोडलेली, बरं का." शेजारी अश्विनी, माहेरपणाला आलेली, कडेवर तिची छोकरी. मला बघून बाबूशेट जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ते लिहून द्यायचं राहिलंय माझं. आता देऊ?"

"आता तुमच्याकडून कुणी मागत नाही शेटजी," मी म्हटलं आणि पाण्यातून तशीच पुढं गेले.

खानावळ उभी होती. पुढच्या दारानं पाणी आत येत होतं, मागच्या दारानं शांतपणे बाहेर जात होतं. बाकांवर कामगार पाय वर घेऊन जेवत होते, कुणाची चप्पल तरंगत चालली होती आणि तिच्या नावानं हाका सुरू होत्या. ओट्यावर चूल धडधडत होती. मी आधी भिंतीला हात लावला. गार, पण घट्ट. मग मला हुंदका आला, आणि लपवायला छत्रीही नव्हती.

शांतक्कानं माझ्याकडं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तिनं उंबऱ्यावरच्या पाण्यात हळदकुंकू सोडलं, माझ्या हातातलं बागिना घेऊन हलकेच पुढं लोटलं. मग तव्यावरची भाकरी काढली.

"पाय वर घ्या अक्कोर," ती म्हणाली. "लेकीला आत येऊ द्या."

पहिली भाकरी तिनं उंबऱ्यावरच्या पाण्यात सोडली. दुसरी माझ्या ताटात वाढली.